दोन तासांचा फरक

खाशुरीच्या स्टेशनासमोर माझं दुकान:
फुटलेले स्क्रीन, सुजलेल्या बॅटऱ्या,
आणि कुणीतरी विसरून गेलेली छत्री, तीन वर्षांपासून.

लमारा आली ती बाजारात लोकरी मोजे विकून परतताना.
फोन रुमालात बांधलेला, अंड्यासारखा.
म्हणाली, बेसो, पूर्वी पाकिटावर शिक्का असायचा,
गावाचं नाव पुसट का होईना, लागायचं.
यावर कुठे असतो?
इरमा थेस्सलोनिकीला कुण्या म्हातारीचं बघते.
महिन्याला पत्र येतं. पत्ता तेवढा सांगत नाही.
तू काढ माग.

मी म्हटलं, निघतो माग. कधी निघतो, कधी नाही.
ईमेलच्या पोटात त्याची कुळकथा असते,
खालून वर वाचायची.
ज्या ज्या दारातून पत्र गेलं
त्या प्रत्येकाने आपला शेरा मारलेला.
विश्वास ठेवायचा तो सगळ्यात वरच्यावर,
तो आपल्या पोस्टमनचा. खालचे कुणीही रचावेत.
आणि मोठ्या कंपन्या तर
पाठवणाऱ्याच्या घराचा नंबर आधीच पुसतात.

ती ऐकत नव्हती. सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.

नंबर पुसलेलाच होता.
पण तारखेच्या शेपटीला वेळ चिकटून राहिली होती:
अधिक चार तास.
हिवाळ्यात ग्रीसची असते अधिक दोन.
अधिक चार म्हणजे आपण.

मग मजकूर वाचला. वाचायला नको होता.
*मी बरी आहे इथे ऊन असतं काळजी करू नका
परवा वीज गेली तेव्हा शेगडी पेटवली ना*
एक विराम नाही, श्वास घ्यायला जागा नाही.
परवा वीज गेली ती फक्त नदीपलीकडच्या आठ गल्ल्यांत.
थेस्सलोनिकीला हे कोण सांगणार?

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
तिचा नवरा येतो माझ्याकडे, गुराम.
रेल्वेत सांधेवाला होता,
उजव्या हाताची दोनच बोटं उरलीत,
चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.
डेटा भरून घेतो, सुटे पैसे मोजून देतो.
एकदा म्हणाला, ईमेलवरून माणूस सापडतो का रे?
मी म्हटलं, यंत्र सापडतं. माणूस नाही.
मग ठीक, म्हणाला.
मला वाटलं होतं, हा कुणाला तरी शोधतोय.

काय निघालं? लमारा विचारत होती.
सालींचा ढीग झाला होता काउंटरवर.
म्हटलं, सर्व्हर अमेरिकेत आहे.
हे खोटं नव्हतं.

बरं, म्हणाली, मग उत्तर लिही. तुझी बोटं भराभर चालतात.
लिही: इरमा, आक्रोड यंदा किडके निघाले. गाय विकली.
आणि तुझ्या बापाला सांग,
गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतर म्हणावं.
माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल.
आणि हेही लिही,
रात्री थंडीत गॅलरीत फोन घेऊन बसतो,
आत येऊन बस म्हणावं.
दिव्याचा मला त्रास होत नाही.

माझी बोटं थांबली.
ती रुमालाची गाठ बांधत होती, वर बघितलं नाही.
पाठव, म्हणाली.

पाठवलं. एका श्वासात गेलं असेल
समुद्रापलीकडच्या कुठल्या थंडगार खोलीत,
शेरे घेत घेत, आणि मग परत,
पूल ओलांडून, भाकरीच्या भट्टीमागच्या गल्लीत.

रात्री इरमाच्या जुन्या पत्त्यावर मीही एक ओळ टाकली,
चार वर्षांपूर्वी तिने माझ्याकडेच उघडला होता तो.
सकाळी परत आली:
असा पत्ता अस्तित्वात नाही.
कुठून परत आली, ते मात्र अगदी स्पष्ट लिहिलेलं,
तास, मिनिट, सेकंदासकट.

गुरुवारी शटर ओढताना
गुराम दिसला समोरून जाताना, हातात पाव.
सोमवार नव्हता, थांबला नाही.
विजारीवरूनच करकचून बांधलेला,
नवाकोरा, गुडघ्याला पट्टा.